कर्णधार कोण, हे बाईंनी ठरवायचं नाही

नेपाळमधल्या एका वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवून परतल्यापासून माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन येतायत. एक बी.एड. करतेय, एक बँकेत आहे, एकीचा मुलगा नुकताच बालवाडीत जायला लागलाय. प्रश्न सगळ्यांचा एकच, "बाई, मलाही असं बाहेरच्या देशात जाऊन मुलांसाठी काम करायचंय. कुठे अर्ज करू?" फोनवर घाईत अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. कुठे अर्ज करायचा हे त्यात थोडंच असेल. तिथे जाऊन काय करायचं आणि कशापासून हात आखडायचा, हे जास्त असेल.

मी लालबागची. वडील गिरणीत होते. मंडळाच्या अंगणात मुलांचा सराव संपला की उरलेल्या वेळात आम्ही मुली कबड्डी खेळायचो. पुढे परळच्या शाळेत क्रीडाशिक्षिका झाले आणि संध्याकाळी मुलींचा संघ घ्यायला लागले. त्या मातीत मी जे पाहिलंय त्यावर माझा ठाम विश्वास बसलाय. घरात कुणी मत विचारत नाही अशी मुलगी मैदानात दोन वर्षं टिकली, की तिला मत असतं आणि ते मांडताही येतं. गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये मुलींसाठी कबड्डीतून असाच एक प्रकल्प झाला होता. आमच्या गिरणगावात त्याला प्रकल्प म्हणत नाहीत, सराव म्हणतात, एवढाच फरक.

नेपाळशी गाठ पडली ती आमच्या इमारतीच्या रखवालदार काकांमुळे. ते बर्दिया जिल्ह्यातले. पश्चिम नेपाळातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत येतात. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना व्हिसा लागत नाही. रात्री फाटकाशी बसणारा माणूस कुठून येतो, त्याच्या घरी कोण आहे, हे आपण सहसा विचारत नाही. काकांनी एकदा मोबाइलवर त्यांच्या पुतणीचा व्हिडिओ दाखवला. शेतातल्या ढेकळांवर मुली कबड्डी खेळत होत्या. पकडी जोरदार, पण हातात हात धरून बचाव करायच्या साखळीचा पत्ता नाही. "शिकवायला कोणी नाही," काका म्हणाले. तिथे एक छोटी स्थानिक संस्था किशोरवयीन मुलींसोबत काम करते, तिचा नंबर त्यांनीच मिळवून दिला.

त्या संस्थेत मुलींचा गट चालवणारी जी ताई आहे, तिला तिकडे सहजकर्ता म्हणतात. वय पंचविशीच्या आसपास. मी आधी कित्येक महिने तिच्याशी नुसती फोनवर बोलत होते. तिने माझ्याकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. एक लांबलचक कागद वाचून सही करायला लावली. कुठल्याही मुलीबरोबर बंद खोलीत एकटीने थांबायचं नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही आणि काढला तरी समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, कुणालाही परस्पर पैसे किंवा भेटवस्तू द्यायच्या नाहीत, असं सगळं त्यात होतं. मला फार बरं वाटलं. जी संस्था तुम्हाला इतकं खोदून विचारते, तिला मुलींची काळजी आहे. जी फक्त शुल्क भरून घेते आणि विमानतळावर हार घेऊन उभी राहते, तिच्यापासून लांब राहा.

मे महिन्याची सुट्टी लागल्यावर निघाले. सीएसएमटीहून पुष्पक एक्सप्रेसने लखनौ, तिथून बहराइचमार्गे बसने रुपैडिहा, सीमा ओलांडली की नेपाळगंज. डब्यात गावी निघालेले कितीतरी नेपाळी कामगार होते, कुणी हॉटेलात भांडी घासणारे, कुणी सुरक्षारक्षक. नेपाळगंजला घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि उन्हाने डोकं भणभणलं. डोंगर, बर्फ असलं काही मनात धरून तराईत, म्हणजे नेपाळच्या या सपाट दक्षिण भागात, जाऊ नका. मेमध्ये तिथे लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहतो.

आता मी ज्या वस्तीत गेले तिच्याबद्दल. ती तराईतल्या थारू या आदिवासी समाजाची आहे, मुक्त झालेल्या कमैयांची. कमैया म्हणजे कर्जापायी जमीनदाराकडे राबणारा वेठबिगार. १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने ही पद्धत बंद झाल्याचं जाहीर केलं. पण माणसं मोकळी झाली तेव्हा त्यांच्याकडे ना जमीन होती ना घर. मुलींना कमलरी म्हणून शहरातल्या घरांत कामाला धाडणं त्यानंतरही चालू राहिलं, ते २०१३ मध्ये अधिकृतपणे संपुष्टात आलं. संक्रांतीच्या दिवसांत थारूंचा माघी हा नव्या वर्षाचा सण असतो. कुणाची मुलगी कुणाच्या घरी जाणार, याचे सौदे त्याच सणाला व्हायचे. आमच्या ताईची मोठी बहीण अशीच गेली होती. आज खेळणाऱ्या मुलींपैकी कित्येकींच्या आया, मावश्या लहानपणी परक्या घरात धुणीभांडी करत वाढल्या. त्या घरातल्या मुलीला "तू पुढे ये, नेतृत्व कर" असं भाषण देऊन काय होणार? तिच्या घरात दोन पिढ्या ठरवण्याचं काम मालकाकडेच होतं.

म्हणून मी कर्णधारपदापासून सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, नीट संवाद साधणं, नाती जपणं, ताण आणि भावना हाताळणं. आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणातही ही यादी असते. यादी चांगलीच आहे. पण फळ्यावर लिहून निर्णय घेणं शिकवता येत नाही. त्यासाठी निर्णय मुलीच्या हातात असावा लागतो आणि तो चुकला तर त्याचं काहीतरी मोलही पडावं लागतं. कबड्डीत हे आपोआप होतं. चढाईला तीस सेकंद. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. कुणाला पाठवायचं ते त्या क्षणी ठरवावं लागतं. बाईंना विचारायला वेळच नसतो.

तरी पहिल्या काही दिवसांत प्रत्येक चढाईआधी चौदाच्या चौदा मुली माझ्याकडे बघायच्या. हे मुंबईतही होतं. मग ताईने आणि मी नियम केला. सराव सामन्याचा कर्णधार चिठ्ठी टाकून ठरणार, अगदी कच्ची खेळाडू निघाली तरी. सामना चालू असताना मी मैदानाकडे पाठ करून बसणार. सामना संपल्यावर आधी कर्णधार बोलणार, मग संघ, सगळ्यात शेवटी मी. पाठ करून बसणं मला जड गेलं. मागे धपाधप पाय वाजतायत, आरडाओरडा चाललाय, आणि आपण समोरच्या मोहरीच्या सुकलेल्या काड्यांकडे बघत बसायचं! पण बघणारं कुणी नाही म्हटल्यावर मुलींचे आवाज बदलले, ते मला पाठीमागे स्पष्ट ऐकू येत होतं.

एका सकाळी चिठ्ठी निघाली डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीची. किरकोळ अंगाची, बोलायची तर जवळजवळ नाहीच. तिचं नाव इथे देत नाही, डावा कोपराच म्हणते. शेवटची दोन मिनिटं होती, मैदानात तिच्या संघाच्या तिघीच उरल्या होत्या आणि तिसरी चढाई आली. सगळ्यांना वाटलं, ती संघातल्या सर्वांत तेज चढाईपटूला पाठवणार. तिने तिला थांबवलं आणि स्वतः गेली. पकडली गेली. सामना गेला. संघ तिच्यावर तुटून पडला. मी अर्थातच गप्प, कारण आधी कर्णधाराने बोलायचं होतं. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तिचा गुडघा दुखतोय. मागच्या दोन चढायांत ती उजव्या पायावर भार देत नव्हती. आजचा सामना गेला तर गेला, पुढच्या महिन्यात शाळांच्या स्पर्धा आहेत."

ती तेज मुलगी रडायलाच लागली. गुडघा खरंच दुखत होता आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण संघातून काढतील अशी भीती. मी इतकी वर्षं मैदानावर आहे, पण हरलेल्या सामन्यातलं याहून चांगलं कर्णधारपद मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलींनीच एक रीत पाडली. सराव सुरू व्हायच्या आधी गोल करून बसायचं आणि प्रत्येकीने कुठे दुखतंय ते सांगायचं. हळूहळू त्यात शरीराबाहेरची दुखणीही यायला लागली. भाऊ ओरडला, आई आजारी आहे, फी राहिलीय. ही रीत मी सुरू केलेली नाही, हे मुद्दाम सांगते.

पंचगिरीही मुलींकडेच दिली. कबड्डीत दोन पंच, वर सरपंच म्हणजे मुख्य पंच, शिवाय गुणलेखक. आपल्या सख्ख्या बहिणीला बाद द्यायचं, मैत्रिणींचा कल्ला ऐकूनही निर्णय बदलायचा नाही आणि चूक दिसली तर सरपंचाने ती मोकळेपणी दुरुस्त करायची. जरब आणि न्याय एकत्र शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. मुंबईत आपण मुलींना खेळाडू बनवतो आणि पंच म्हणून मात्र बाहेरचे पुरुष बोलावतो. यंदापासून माझ्या शाळेत मी हे बदललंय.

तिकडे कबड्डीबद्दल आस्था आहे. आशियाई स्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० मध्ये आली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊला नेपाळच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. उपांत्य फेरीत त्या आपल्याकडूनच हरल्या होत्या. बर्दियातल्या मुलींना तो सामना पाठ होता. मी भारतातून आले म्हणून त्याचा हिशेब माझ्याकडे मागायच्या!

आता मैदानाची गोष्ट. मुली खेळायच्या ती जागा एका शेतकऱ्याची, पेरणी सुरू झाली की बंद. वस्तीच्या सामुदायिक भवनाशेजारी सार्वजनिक जागा होती, पण खड्ड्यांनी भरलेली. नेपाळमध्ये २०१५ च्या संविधानानंतर ७५३ स्थानिक सरकारं झाली. २०१७ च्या निवडणुकांपासून प्रत्येक वडात, म्हणजे वॉर्डात, निवडून आलेल्या पाच जणांत दोन महिला असतात, त्यातली एक दलित. आर्थिक वर्ष साउन या नेपाळी महिन्याच्या एक तारखेला, म्हणजे जुलैच्या मध्याला, सुरू होतं आणि पालिकेला त्याआधीच्या असार महिन्याच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे जूनच्या अखेरीकडे, अर्थसंकल्प मांडावा लागतो. त्याआधी वस्तीवस्तीत भेला म्हणजे सभा होतात. तिथे लोक मागण्या मांडतात, मग वडा त्यांतून निवड करतो. आपल्या ग्रामसभेसारखंच. ताईने मुलींना एवढंच सांगितलं, "भेला येतेय. काही मागायचंय का?"

मग जे सुरू झालं ते बघत राहावं असं होतं. मुलींनी सुतळी घेऊन जागा मोजली. महिलांचं मैदान बारा मीटर बाय आठ मीटर, भोवती मोकळी जागा वेगळी. ट्रॅक्टरवाल्याला गाठून मातीच्या किती ट्रॉल्या लागतील आणि काय भाव पडेल ते लिहून घेतलं. त्या जागेवर मुलांचा व्हॉलीबॉलसाठी डोळा होता. आमची तेज चढाईपटू म्हणाली, सभेत बघून घेऊ. डावा कोपरा म्हणाली, सभेआधी बोलू, सभेत भांडण झालं तर वडाध्यक्ष दोघांनाही काही देणार नाहीत. तीन जणी मुलांकडे गेल्या. सकाळ मुलींची, संध्याकाळ मुलांची, जाळीचे खांब रेषेबाहेर, असं ठरवून आल्या. मागणीच्या कागदावर मुलांच्याही सह्या आल्या.

घरची परवानगी हा याहून अवघड भाग होता. सभेत मुलीने उभं राहून बोलायचं, तेही आजोबांच्या वयाच्या माणसांसमोर! त्याची तालीम आम्ही नाटकासारखी केली. एक मुलगी वडील व्हायची, एक काकू, एक मुलगी परवानगी मागणारी. त्या "काकू" असल्या तिखट निघाल्या की खऱ्या काकू सोप्या वाटल्या असतील.

भेलाच्या दिवशी मी गेले नाही. ताईने आधीच समजावलं होतं की मी तिथे दिसले, तर मागणी मुलींची राहणार नाही, बाहेरच्या पाहुणीची होईल. आणि वडा म्हणेल, परदेशी लोक आहेत ना, मग त्यांच्याकडूनच पैसे आणा. स्वयंसेवक होऊन जाणाऱ्या प्रत्येकीने हे वाक्य लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. आपण नुसते बसलो तरी समोरचं चित्र बदलतं. मी ताईच्या घरी तिच्या आईबरोबर तांदूळ निवडत बसले. बोलली अर्थात डावा कोपरा. आधी मोजमाप, मग खर्च, मग मुलांबरोबरचा समझोता. मुलींनी मागितलेली कपडे बदलायची खोली त्याच बैठकीत यादीतून उडाली. तेव्हा वडातल्या महिला सदस्याने विचारलं, मग मुलींनी कपडे बदलायचे कुठे? त्यावर मुलींनी सामुदायिक भवनातली एक खोली सकाळपुरती मागितली आणि किल्ली मिळवली. सपाटीकरण वडाच्या यादीत आलं.

जूनमध्ये शाळा उघडायची म्हणून मी परतले. पालिकेच्या सभेत रक्कम कापली गेली आणि ठरल्यापेक्षा निम्म्याच ट्रॉल्या आल्या, असं ताईने कळवलं. उरलेली माती भावांनी, व्हॉलीबॉलवाल्या मुलांनी आणि आयांनी मिळून टाकली. पावसाळ्यात एक कोपरा खचला. आता त्याची दुरुस्ती चालू आहे आणि त्याचा हिशेब मुलींच्या वहीत आहे.

सगळंच असं जमून आलं नाही. एका मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. नेपाळमध्ये लग्नाचं कायदेशीर वय मुलगा-मुलगी दोघांनाही वीस आहे, ही तर त्याच्या खूप अलीकडची. माझ्या मनात आलं, थेट तिच्या वडिलांसमोर जाऊन बसावं. ताई म्हणाली, "दिदी, तुम्ही जूनमध्ये जाल. ती इथेच राहणार आहे." तिने त्या मुलीच्या आत्याला आणि वडातल्या महिला सदस्याला मध्ये घातलं. बोलणी थांबली आहेत, मोडलेली नाहीत. ताई अजून दर आठवड्याला त्या घरी जाते. हे काम राहणाऱ्या माणसाचं आहे. मुंबईहून फोन करून ते होत नाही.

तर माझ्या पोरींनो, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून चालतो, त्यांच्याकडे अनुभव आणि कौशल्य बघून नेमणुका होतात, तिथे जरूर बघा. पण अर्ज कुठेही करा, आधी स्वतःला विचारा की माझ्याकडे शिकवण्यासारखं नेमकं काय आहे. "मुलांची आवड आहे" हे पुरेसं नाही. जी बँकेत आहे तिने बचत गटाच्या मुलींना हिशेब शिकवावा, बी.एड.वालीने तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली काम करावं. आणि अनाथालयात महिनाभर मुलं खेळवायची अशी जाहिरात दिसली तर जाऊ नका. काठमांडू, पोखरामध्ये पर्यटक आणि स्वयंसेवकांच्या पैशासाठी, आईवडील जिवंत असलेल्या मुलांना अनाथ म्हणून ठेवल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. माया लावून महिन्याने निघून जाणाऱ्या माणसांची रांग कुठल्याच लेकराच्या वाट्याला येऊ नये. जिथे आपल्या आधीही काम चालू होतं आणि आपल्यानंतरही चालणार आहे, तिथेच जा. तिथल्या कायमच्या माणसाचा हात बळकट करा.

मीही मुलींपेक्षा जास्त वेळ ताईबरोबर घालवला. साखळी कशी बांधायची, गुडघ्याला पट्टी कशी बांधायची, सरावाचं आठवड्याचं वेळापत्रक कसं आखायचं, हे तिने वहीभर उतरवून घेतलं. आता शेजारच्या दोन वस्त्यांत तिने मुलींचे संघ उभे केलेत आणि तिथे शिकवायला आमच्या संघातल्या मोठ्या मुली जातात.

दिवाळीनंतर मुंबईत मंडळांच्या स्पर्धांचा मोसम सुरू होतो. तेव्हा ताई आणि डावा कोपरा, दोघी इकडे येणार आहेत. राहायची सोय माझ्याकडे आहे, रखवालदार काका त्यांना लखनौपासून सोबत घेऊन येतील. ताईला आयोजन शिकायचंय, गटवारी कशी करतात, वेळापत्रक, गुणपत्रक, मैदानाची आखणी. डाव्या कोपऱ्याला पंचांच्या शेजारी उभं राहून सामने बघायचेत. लालबाग, परळ, प्रभादेवी, नायगावकडच्या ज्या मंडळांची महिला गटाची स्पर्धा असेल त्यांनी मला कळवावं. गुणलेखकाच्या टेबलाजवळ दोन खुर्च्या जास्तीच्या लागतील.